नवव्या रिळातला हवालदार

शुक्रवार, ७ फेब्रुवारी १९९२. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

मध्यंतरात दाखवायच्या काचेवर 'धूम्रपान करू नये' लिहीत होतो. 'धू' झाला होता. तेवढ्यात पोस्टमन टॉकीजच्या जिन्यात आला. निंबाभाऊचं पत्र असणार म्हणून ब्रश दातांत धरून पाकीट घेतलं. अक्षर भाऊचं नाही! भाऊ पंजाबात सीमेवर, आणि शिक्का दिल्लीचा.

पत्र हिंदीत. दिल्लीच्या लष्करी दवाखान्यात भाऊच्या शेजारच्या खाटेवरच्या जवानानं लिहिलेलं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. पुलाखाली सुरुंग होता. गाडीत सहा जण. दोघं जागीच गेले. भाऊचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आहे, हसतो, नर्सकडे बिडी मागतो. शेवटी भाऊनं सांगून लिहवून घेतलेल्या दोन ओळी — 'जीवराम, मायला सांगू नको. मी स्वतः येऊन सांगेन. तुला माझी शपथ.'

काच हातातून पडली नाही. पण 'धू' अंगठ्यानं पुसला गेला. परत लिहिला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पत्र कुठं ठेवावं? मेहरूण भागातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत घरमालकीण झाडायला येते. खिशात ठेवलं तर हात सारखा तिकडे जातो. शेवटी ऑपरेटरच्या केबिनमध्ये रिळाचा एक रिकामा डबा होता, गंजलेला, झाकण घट्ट बसणारा. त्यात ठेवलं. दुपारपर्यंत चार वेळा जाऊन पाहिलं.

रुपचंद नाना — आमचे ऑपरेटर, बत्तीस वर्षं मशीनवर आहेत — चौथ्या वेळेला म्हणाले, "काय रे, डब्यात अंडी घातलीस का?"

हसलो. हसता आलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

माझी सुट्टी. पॅसेंजरनं पाचोरा, पुढे गावापर्यंत पायी. दर सोमवारचंच. भाऊची पत्रं टॉकीजच्या पत्त्यावर येतात, मी नेऊन मायला वाचून दाखवतो. आज खिशात मीच लिहिलेलं पत्र होतं. काल बसून दोन पानं केली. भाऊ लिहितो तसंच — थंडी फार, डाळ पातळ, बाकी क्षेम. 'चालून चालून पाय दुखतात' हेही सवयीनं लिहून गेलो. त्याच्या प्रत्येक पत्रात असतं. खोडलं. खोडलेलं दिसेल म्हणून सगळं पान पुन्हा लिहिलं. मायला वाचता येत नाही, तरी!

माय भाकरी थापत होती. मी वाचलं. एरवी ती मध्ये मध्ये विचारते — गोधडी जाड दिली का, सायेब रागावतो का. आज एक प्रश्न नाही. शेवटी म्हणाली, "चांगलं लिखेल शे. आखो एक डाव वाच."

परत वाचलं.  तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "तू खाई ले आधी. कितला सुकी गया!"

मग एकदम — "तुना टाकीजमा तो पोलिसना पिक्चर कव्हय लागस?"

मी म्हणालो, शुक्रवारी. तुला काय करायचंय? ती म्हणाली, शेजारच्या कुंदाबाईचा भाचा मुंबईहून आलाय, त्यानं तिकडे पाहिला, बठ्ठी कहाणी सांगितली म्हणे. मायनं जन्मात दोन पिक्चर पाहिले, दोन्ही देवाचे. मी म्हणालो, यात देव नाही माय, नुसत्या बंदुका आहेत.

"नसू दे. माले देखनं शे."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

'बारूदी चौकी'ची पेटी सकाळी स्टेशनवरून आणली. सोळा रिळं. नानांनी नियमाप्रमाणे रिकाम्या हॉलमध्ये चालवून पाहिली. मी केबिनच्या भोकातून पाहिली.

सरहदीपलीकडून बंदुका आणि दारूगोळा येतो. एक डीएसपी आणि त्याचे सात शिपाई तो अडवतात. सातांत सगळ्यात लहान एक हवालदार आहे, सारखा हसतो. नवव्या रिळात तो वायर कापायला उतरतो. कुठं उतरतो? पुलाखाली! मी तेव्हाच मागं सरायला हवं होतं. नाही सरलो. स्फोट, धूर, मग दवाखाना. पांढरी चादर. चादरीखाली एकाच पायाचा उंचवटा.

सोळाव्या रिळात कवायतीचं मैदान आहे. तिथं तो कुबडीवर येतो, कुबडी सोडून देतो आणि एका पायावर उभा राहून सलाम करतो.

नाना वळून म्हणाले, "बस खाली. पडशील! पडद्यावरचं रक्त बघूनही तुला घाम फुटतो होय रे?"

फुटतो. लहानपणी आमच्या बैलानं शिंग मारून गड्याची मांडी फाडली तेव्हा मी गोठ्यातच बेशुद्ध पडलो होतो. गडी शुद्धीवर होता. त्यानं मला पाणी पाजलं. गावात अजून सांगतात.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चारही खेळ हाउसफुल्ल. दाराचा एक कडी-कोयंडा निखळला. डीएसपीनं पहिला टोळीवाला उडवला तेव्हा चिल्लर फेकली लोकांनी. इथवर ठीक.

तीनच्या खेळाला मी खालच्या दारावर होतो. नववं रीळ. चादर दिसली. हॉल गप्प. आणि त्या शांततेत पुढच्या बाकांवरून एक जण ओरडला — "चला, सरकारचा एक बूट वाचला!"

सगळा हॉल हसला. सातशे माणसं. मीही दात दाखवले असावेत, कारण शेजारच्या माणसानं मला टाळी दिली.

सहाच्या खेळाला त्याच जागी दुसऱ्या कुणी तेच म्हटलं. म्हणजे आता हे रोज होणार. माय येणार, आणि तिच्या कानांवर हे पडणार!

शनिवार, १५ फेब्रुवारी

गावचा दूधवाला सांगून गेला — माय आणि कुंदाबाई उद्या बाराच्या खेळाला येतात. दोन जागा धर.

नानांना सांगितलं. सगळं. डबा उघडून पत्र त्यांच्या हातात दिलं. भाऊच्या शपथेत नानांचं नाव नव्हतं, म्हणून शपथ मोडली असं मी धरत नाही. त्यांनी चष्मा पुसून वाचलं, घडी होती तशी घातली. बराच वेळ मशीनला तेल देत राहिले. तेल द्यायची वेळ नव्हती.

मी म्हणालो, नाना, उद्याच्या एका खेळापुरता तेवढा तुकडा काढता येईल का?

"बत्तीस वर्षांत पिक्चर तुटलं तर जोडलं मी. हातानं कधी तोडलं नाही."

 पायांकडे बघत होतो — माझ्याच.

"पिक्चर पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस खाली ऑफिसात मुक्काम ठोकून बसलाय, जीवराम. प्रिंटचं फूट न् फूट मोजून नेतो तो. कळलं तर माझी खुर्ची गेली."

"मग राहू द्या."

"राहू द्या काय! आता ऐकल्यावर मला झोप येईल का?" मग एकदम कामाचा आवाज. "नुसतं नऊ कापून भागणार नाही. नवव्यात पाय गेलाच नाही, तर सोळाव्यात कुबडी कुठून आली, असं म्हातारी विचारेल. तोही तुकडा काढावा लागेल."

बरोबर आहे. मला सुचलं नसतं. दोन्ही ठिकाणी रिळात कागदाच्या पट्ट्या घालून खुणा केल्या. उद्या सकाळी कापायचं, ब्लेडनं कडा खरवडून, सोल्युशन लावून जोडायचं. बाराचा खेळ सुटला की तीनच्या आत तुकडे परत जागेवर.

रविवार, १६ फेब्रुवारी

क्रमानं लिहितो.

साडेआठला तुकडे कापले. नानांचा हात स्थिर, माझा नाही. म्हणून मी फक्त बाटली धरली. दोन्ही तुकडे गुंडाळून गंजलेल्या डब्यात, पत्रावर ठेवले.

अकरा चाळीसला माय आली. हिरवं लुगडं, जे ती लग्नाकार्यालाच नेसते. बाल्कनीत बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत बसवलं. कुंदाबाईनं शेंगा आणल्या होत्या. मायनं एकही खाल्ली नाही. कठड्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती, परीक्षेला बसल्यासारखी.

दारावर थांबणं जमेना, म्हणून केबिनमध्ये आलो. नववं रीळ लागलं. हवालदार हसत पुलाकडे निघाला — आणि लगेच डीएसपी जीपमध्ये! जोड खट्ट करून गेला. खालून दोन शिट्ट्या. बूटवाल्याला संधीच मिळाली नाही. मी देवाचं नाव घेतलं.

तेवढ्यात जिन्यात बूट वाजले. कंपनीचा माणूस!

"नाना, नवव्यात उडी कशी मारली? काल नव्हती."

"काल रात्रीच्या खेळाला तुटली. कडेची भोकं झिजलीत तुमच्या प्रिंटची. जोडली."

"तुकडा कुठंय?"

मी डब्यावर बसलो होतो. झाकण खाली कुरकुरत होतं. मला वाटलं, डबाच बोलतोय. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि खेकसले — "ऊठ की रे! साहेब उभे आहेत, तू राजासारखा बसतोस? साहेब, बसा, बसा इथं."

आणि तो बसला! त्याच डब्यावर! सिगरेट ओढली, दर शनिवारी भुसावळला किती गल्ला होतो ते सांगितलं. पाव तास. मी भिंतीला लागून उभा. जाताना म्हणाला, "उद्या रीळ मोजतो."

सोळावं रीळही गेलं. मैदान, झेंडा, सहा शिपाई, संपलं.

खाली आलो. लोक बाहेर पडले तरी माय बाल्कनीतच. पडद्याकडे बघत. मी म्हणालो, चल माय, संपलं.

"तो हासरा पोऱ्या कोठे गया?"

"कोणता?"

"तोच. पुलकडे गया तो. शेवटले बठ्ठा उनात. तो नही उना." शेवटी सगळे आले, तो आला नाही, हे तिनं बरोबर हेरलं होतं.

 तोंडातून निघालं — "त्याची बदली झाली, माय."

कुंदाबाई फस्सकन हसली. "पिक्चरमा बी बदली व्हस का रे भो?"

माय हसली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. भाकरी भाजली की नाही ते बघते, तशी. मग एकदाच म्हणाली, "बदली." आणि उठली.

तिला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी सुटताना माझ्या सदऱ्याचं वरचं बटन लावलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

गावी गेलो नाही. तुकडे नानांनी कालच तीनच्या आत परत जोडले होते, पण कंपनीच्या माणसानं ताजे जोड पकडले. नानांनी सगळं स्वतःवर घेतलं, माझं नाव नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

रात्रभर ठरवून सकाळी मॅनेजरसाहेबांपुढे उभा राहिलो. म्हणालो, तुकडे मी कापायला लावले. कारण विचारू नका.

ते मोठ्यानं हसले. "तू? तुला दिव्याचा खटका दाबायचा तर रुमाल लागतो! नानांना वाचवायला आलास होय?"

विश्वासच ठेवला नाही. नानांचा आठ दिवसांचा पगार कापला. खुर्ची वाचली.

नाना म्हणाले, "खरं बोलायलाही तोंडाची पत लागते रे, जीवराम. तू ती पत काळजी करण्यात घालवलीस." मग मला चहा पाजला. त्यांच्याच पैशांनी.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पंजाबात आज मतदान. मॅनेजरच्या रेडिओवर सारखं तेच. प्रत्येक वेळी 'सुरक्षा दल' म्हणतात आणि माझा हात थांबतो. उद्याच्या पाटीवर तीनच्या खेळाची वेळ लिहायला चार खेपा लागल्या.

दुपारी कुंदाबाई एकटी आली. जिना चढून धापा टाकत. मला वाटलं तार आली! नाही.

"तुनी माय रविवारथून जेवनी नही."

काय झालं? आजारी आहे?

"काय माहीत. नुसती बठेल शे. म्हनस, तो पोऱ्या उना नही, तो पोऱ्या उना नही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मना भाचा असा लबाड नही रे भो. तो सांगे, तो पोऱ्या शेवटले येस. तुमनं मशीन खराब शे का?"

नाना मागे उभे होते. त्यांनी ऐकलं.

कुंदाबाईला चहा दिला. ती गेल्यावर नाना म्हणाले, "आपण तिचा माणूस मारला, बाबा. पाय वाचवायला गेलो आणि सगळाच मारला."

मला हे आधी कळायला हवं होतं. पिक्चरमधून जो नाहीसा होतो तो मेलेलाच असतो! प्रत्येक बाईला माहीत आहे. मी दारावर सहा वर्षं उभा आहे.

नाना म्हणाले, उद्या सकाळी आण तिला. पहिल्या खेळाच्या आधी. दूधवाल्याबरोबर निरोप धाडला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळी दहा. रिकामा हॉल. सातशे खुर्च्या आणि माय. मी तिच्या मागच्या रांगेत. कंपनीचा माणूस धुळ्याला गेलाय. मॅनेजर अकराच्या आत येत नाहीत. तरी मी दर मिनिटाला दाराकडे बघत होतो.

नानांनी फक्त सोळावं रीळ लावलं. मैदान. झेंडा. सहा शिपाई. आणि मग कोपऱ्यातून तो आला, कुबडीवर, हसत.

मी मायकडे बघत होतो, पडद्याकडे नाही. घाबरेल, किंचाळेल, 'पाय कोठे गया' म्हणेल — मी उत्तरं तयार ठेवली होती. काही नाही. ती पुढे सरकली. खुर्चीच्या अगदी कडेला. तो कुबडी सोडून उभा राहिला तेव्हा तिच्या तोंडून श्वास निघाला, चुलीवरच्या भांड्याचं झाकण उघडल्यावर वाफ निघते तसा.

दिवे लागले. ती मागे न वळता म्हणाली, "आखो एक डाव."

नानांनी रीळ गुंडाळून परत लावलं. दुसऱ्यांदा ती हाताच्या वितीनं हवेत काहीतरी मापत होती. मग — "आखो एक डाव." तिसऱ्यांदा! मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या संपत आल्या. नानांनी चकार शब्द काढला नाही.

बाहेर मी तिला दोन भजी दिली. खाल्ली! पूर्ण प्लेट खाल्ली! पिक्चरमधला एक पोरगा जिवंत निघाला म्हणून एवढं? मला बरं वाटलं आणि लाजही. स्टेशनवर तोंड उघडलं होतं. शपथ आठवली. मिटलं.

ती म्हणाली, "कपडा धुई ठेव."

कशाला ते सांगितलं नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. दुपारी एक वाजून पस्तीस मिनिटं. भुसावळ, फलाटावर बसून.

माय सकाळी टॉकीजवर आली. डोक्यावर गाठोडं, बगलेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब. म्हणाली, "चाल. दिल्लीले."

 तिनं चंचीतून एक घडी काढून दिली. तार. ३० जानेवारीची. माझ्या पत्राच्या आठ दिवस आधीची!

"पोस्टमननं वाची दिन्ही. बठ्ठा गावले माहीत शे. मीच सांगं, जीवरामले कोनी सांगू नका. त्याना जीव चिमनीना शे."

मग ते पत्र? मी दोनदा वाचलं ते?

"तू इतलं मन लाईसन वाचस. कसं थांबाडू तुले?"

आणि पिक्चर?

"कुंदाबाईना भाचा सांगे, पाय जास, तरी बी तो उभा ऱ्हास. माले तेच देखनं व्हतं." मग हलकेच — "तू बदली सांगी, तव्हयच समजनं, तुले बी माहीत शे."

लांब गुंडाळी आत्ता सोडून पाहिली. कुबडी. पडद्यावरच्यासारखीच, बगलेखाली आडवी फळी, वर कापडाची गादी. उंची घराच्या चौकटीवर निंबाभाऊची खूण आहे, तिच्यावरून घेतली. सुतार काल संध्याकाळपर्यंत बसला होता.

खर्च: दोन तिकिटं भुसावळ ते दिल्ली — २३८ रुपये. चहा दोन — २ रुपये.

उसने: रुपचंद नाना — ३०० रुपये.

देणं: देवचंद सुतार, सागाची कुबडी एक — ६० रुपये. माय म्हणते, ते आखाजीच्या सणाला निंबाभाऊ स्वतः चालत जाऊन देईल.